ज्याला येत नाही त्याच्या हातात खडू

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
सोलरचा कॅम्प, कच्छ

प्रियंकाताई,
जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नको. सगळे जिवंत आहेत आणि मला काही मागायचं नाही. हे खोटं आहे. मागायचं आहे, पण ते शेवटी.

तुझा नंबर मी ब्लॉक केलेला आहे हे तुला कळलंच असेल. काहून केला तेही तुला माहीत आहे. तू नोकरीत कायम झालीस तेव्हा पेढे वाटताना साऱ्या वस्तीसमोर म्हणालीस, "आमच्या घरात दोन डोके. एकात शिक्षण, दुसऱ्यात भुसा." लोक हसले. मीही हसलो. चौथ्या दिवशी धरमसिंगकाकाच्या टोळीसोबत रेल्वेत बसलो. आता ब्लॉक काढायला मन होत नाही आणि तुझ्याशिवाय काम अडलं आहे. म्हणून हा कागद. शाळेच्या पत्त्यावर टाकतो. घरी टाकला असता तर आईने आधी शेजारच्या पोराकडून वाचून घेतला असता, मग तुला कळवलं असतं.

इकडे मीठ, वारा आणि सोलरच्या प्लेटा, एवढंच आहे. प्लेटांच्या ओळी इतक्या लांब की टोकाला उभा असलेला माणूस ओळखू येत नाही. आम्ही आतापर्यंत प्लेटा धूत होतो आणि केबलचे खड्डे खोदत होतो. खड्डे जानेवारीत संपतात. त्यानंतर कंपनीला फक्त वायरिंगवाले पाहिजेत. म्हणून तिने वर्ग काढला आहे, रोज काम सुटल्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये. वर्गानंतर परीक्षा. काम चौघांच्या टुकडीने करायचं असतं, म्हणून चौघेही पास झाले तरच टुकडी लाईनवर. एक जरी लटकला तरी चौघांनी गाठोडं बांधायचं.

आमची टुकडी सांगतो. धरमसिंगकाका दिग्रसकडच्या तांड्यातले, पन्नाशीचे, सही करतात आणि तेवढंच लिहितात. त्यांचा पुतण्या नेमसिंग बारावी नापास, पण डोकं विजेसारखं. ढाणकीचा गोविंदा माझ्या वयाचा. दिवसभरात दोन वाक्यं बोलतो, त्यातलं एक "चाल जेवाले" असतं. चौथा मी, आठवीतून पळालेला, भुशाचं डोकं.

शिकवायला भाटीसर आहेत, जोधपूरचे. माणूस चांगला आहे. भिंतीवर चित्रं दाखवतात, हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलत राहतात आणि मध्येमध्ये विचारतात, "समझ में आया?" सारे एका सुरात म्हणतात, "आया सर." सगळ्यात मोठ्याने गोविंदा म्हणतो. त्याला काहीच आलेलं नसतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

काल तिथे बसलो असताना तुझ्या वर्गातली फरशी आठवली. मागच्या मे महिन्यात मारेगावला तुझ्या शाळेत ऑइलपेंटचे हिरवे गोल मीच रंगवले होते. गुडघे सोलून निघाले होते. तू म्हणत होतीस, पोरं इथं गोलात बसतील आणि एकमेकांना शिकवतील. मी गोल रंगवले, पण गोलात काय चालतं ते पाहायला थांबलो नाही.

तर मागायचं हे. ते नेमकं कसं करतेस, लिहून पाठव.

आई फोनवर म्हणाली की तू पोरांना परत रांगेत बसवलंस आणि गोलांवर सतरंज्या टाकल्यास. शाळा समितीचे अध्यक्ष मारोतराव म्हणाले म्हणे, "हे शाळा हाय का पारावरची बैठक? पोट्टे नुसते गप्पा करून राह्यले." खरं आहे का? माझे गुडघे वाया गेले का?

तुझा,
राजदीप

*

३० नोव्हेंबर २०२५

ताई,
जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहणाऱ्यातला नाही हे तुला माहीत आहे. आपल्या अकलेने चालू केलं आणि आपल्याच अकलेने तोंडावर पडलो. ते ऐक.

शेडमध्ये बसल्या बसल्या मला आईची टोळी आठवली. आपण दोघंही सुट्टीत तिच्यासोबत जायचो. कापसाच्या वेचणीला कोणी कोणाकडे पाहत नाही. कमरेला जिचा तिचा ओटा, जिचं तिचं वजन. शेजारीण मागे राहिली तर राहू दे. तण काढायच्या निंदणाचं तसं नाही. निंदणात प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ. जिचा हात चपळ ती आपली पात संपवते, वळते आणि मागे पडलेलीच्या पातीला समोरून हात लावते. दोघी मध्ये भेटतात. बांधावर सगळ्या एकदम निघतात, कोणी मागे राहत नाही.

मला वाटलं, हेच. भाटीसरांचा वर्ग वेचणीचा आहे, आपण त्याचं निंदण करू. काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मले समजलं. त्या भित्तीवरचं समजत नाही, हे समजलं."

मग काय, जोरात सुरू झालं. नेमसिंग आपली पात संपवायचा आणि वळून गोविंदाच्या पातीला लागायचा. गोविंदा कुठे अडला की नेमसिंगचं बोट तिथे हजर. सरावाची लेखी परीक्षा झाली, त्यात खुणा करायच्या होत्या. काकांना प्रश्न वाचून दाखवायची सवलत आहे. आम्ही चौघेही पास. मी तर शेडबाहेर शिट्टी मारली.

दुसऱ्या दिवशी भाटीसरांनी गोविंदाला फळ्यापाशी बोलावलं. विचारलं, वायरचा जोड उघडायच्या आधी पेटीतला स्विच का बंद करायचा? गोविंदाने वळून नेमसिंगकडे पाहिलं. नेमसिंगचं तोंड उघडलंच होतं, सर म्हणाले, "तू नहीं." गोविंदा खडू बोटात फिरवत राहिला. सर रागावले नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाले, "काग़ज़ पर तुम चारों का एक ही दिमाग है. और वो नेमसिंग की जेब में है."

जेवताना गोविंदा दिवसातलं तिसरं वाक्य बोलला. "मले काढा टुकडीतून. माह्यापायी तुमचं कायले जाते?"

काका म्हणाले, "अक्षता पडल्यावर नवरदेव बदलते का कोठं? जेव चूपचाप."

हसलो आम्ही, पण गोष्ट हसण्याची नव्हती. सरांनी त्याला विचारलेला प्रश्न साधा आहे, ताई. चालू लाईनवर जोड ओढला तर हातातच आगीचा लोळ उठतो. मागच्या महिन्यात दुसऱ्या कॅम्पवर एकाची बोटं भाजली. गोविंदाला उत्तर आलं नाही म्हणजे नुसता मार्क गेला नाही.

माझं निंदण कुठे चुकलं? तू मास्तरीण आहेस. हे तुझं काम आहे. बोल.

राजदीप

*

१४ डिसेंबर २०२५

ताई,
जयभीम.

पत्र मिळालं. पाठपोट एक पान आणि सुरुवातीलाच टोमणा. "भुशाला ठिणगी लागलेली दिसते." ठीक आहे. चालवून घेतो.

पण पुढचं मी चौघांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि काकांनी दोनदा वाचायला लावलं. तू लिहिलंस: "निंदणात रान साफ झालं की झालं, कोणाच्या विळ्याने झालं ते कोणी विचारत नाही. शिकण्यात ज्याची पात त्यानेच काढावी लागते. तू नेमसिंगला गोविंदाची पात काढायला लावलीस, म्हणून गोविंदा बांधावर पोचला आणि रिकामाच राहिला. ज्याला येत नाही त्याच्या हातात खडू द्या. बाकीच्यांनी सांगायचं नाही, फक्त विचारायचं. आणि त्याला आधीपासून जे येतं तिथून विचारायला लागा. प्रत्येकाला आधीपासून काहीतरी येतंच."

हे शेवटचं वाक्य लिहिताना तू पेढ्यांचा विचार करत होतीस का? नको सांगू.

आता ऐक काय झालं. जेवणाच्या शेडची फरशी आहे, तिच्यावर मी चुन्याने गोल काढला. तुझ्या वर्गातल्यासारखाच, थोडा वाकडा. चौघे आत बसलो. खडू गोविंदाच्या हातात. नेमसिंगला मी सांगितलं, दोन्ही हात मांडीखाली दाबून बस. तो म्हणाला, "हे तर शिक्षा झाली." त्याच्यासाठी होतीच. माहीत असून सांगायचं नाही म्हणजे त्याला ढेकर अडल्यासारखं होतं.

विषय होता अर्थिंग, म्हणजे बिघाडाची वीज माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून लावलेली तार. मला काही सुचेना. काकांनीच विचारलं, "गोविंदा, तुह्या घरी विहिरीवर मोटार आहे नं?"

"हाय."

"तिच्या अर्थिंगले खड्डा केलता का?"

"केलता. म्याच केलता."

"मंग त्याच्यात टाकलं काय?"

"मीठ अन् कोळसा."

"काहून? वरणात घालाले मीठ कमी पडलं होतं का, जमिनीत टाकलं?"

गोविंदा हसला. मग थांबला. मी काही बोलणार होतो, नेमसिंगने मला कोपर मारलं. हात मांडीखाली असताना कोपर कसं मारलं देव जाणे. गोविंदा म्हणाला, "उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की मोटारीले हात लावला तर झिणझिण्या येत. पाणी टाकलं की बंद. मीठ ओल धरून ठेवते… म्हणजे ओल असली का वीज जमिनीत जाते. नसली का माह्यातून जाते." आणि तो खाली वाकला आणि चुन्याच्या गोलात मोटार काढली, खड्डा काढला, माणूस काढला. माणसाच्या डोक्यावर टोपी पण काढली. मग सोलरची प्लेट काढली आणि म्हणाला, "हेबी तेच. मोटारीच्या जागी प्लेट."

ताई, भिंतीवरच्या चित्रात हेच होतं. महिनाभर आमच्यासमोर होतं.

मग आम्ही वाटून घेतलं. अर्थिंगचा मास्तर गोविंदा. शिडी, पट्टा आणि उंचीवरचं काम काकांचं. हिशोब नेमसिंगचा. जोडणी माझी. पण तुझाच नियम लावला. मास्तराने शिकवायचं म्हणजे खडू दुसऱ्याला द्यायचा आणि आपण विचारायचं. काका हिशोबाला बसले तेव्हा तर मजा झाली. प्लेटा एकामागे एक जोडल्या तर व्होल्ट वाढतात हे नेमसिंगला त्यांच्याकडून काही केल्या विचारून काढता येईना. शेवटी म्हणाला, "काका, बैलगाडीले पुढंमागं दोन जोड्या जुपल्या तर?" काका म्हणाले, "जोर वाढते." आणि पुढे तासभर व्होल्टला जोरच म्हणत राहिले. नेमसिंगने सुधारलं नाही. शिकला तोही.

काकांना आणखी एक खोड आहे. कुठल्याही उत्तरावर विचारायचं, "अन् तेच बिघडलं असलं तर?" गोविंदा म्हणाला, जोडाला हात लावायच्या आधी मीटर लावून पाहायचं, शून्य आलं की वीज नाही. काका म्हणाले, "अन् मीटरच बिघडलं असलं तर?" नेमसिंग चिडला, "काका, तुमचं तर देवावरबी भागत नाही." पण गोविंदा विचारात पडला. दोन दिवस त्याच विचारात होता. प्लेटा धुताना, रांगेत ताट घेऊन उभा असताना. तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला म्हणाला, "सापडलं." काय सापडलं ते आत्ता सांगत नाही.

भाटीसर परवा आमचा गलका ऐकून शेडमध्ये आले. दारातच उभे राहिले. मला वाटलं मारोतराव आले. पण ते चप्पल काढून गोलाच्या काठावर बसले. जाताना मला विचारलं, "ये कहाँ से सीखा?"

मी म्हणालो, "मेरी बहन मास्तरीण है, सर."

हे मी टुकडीबाहेर अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

काल त्यांनी साऱ्या वर्गाच्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि खडूचा डबा मध्ये ठेवला.

आणि तू? सतरंज्या उचलल्या की नाही, त्याबद्दल पानभर पत्रात एक अक्षर नाही. मला शिकवतेस आणि स्वतः रांगेत बसतेस काय?

राजदीप

*

२८ डिसेंबर २०२५

ताई,
जयभीम. बसून वाच.

परीक्षा झाली. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, शाह मॅडम, काळा चष्मा आणि वाऱ्यात उडू नये म्हणून डोक्याला रुमाल. लेखी सकाळी झाली. ती जाऊ दे. दुपारी खरी परीक्षा, प्लेटांच्या ओळीत, उघड्यावर. त्यांची पद्धत अशी की टुकडीतल्या चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्याने साऱ्यांच्या वतीने काम करून दाखवायचं. बाकी तिघांनी पिवळ्या रेघेमागे उभं राहायचं. तोंड उघडलं की टुकडी बाद.

आमच्या आधीच्या टुकडीतला एक बाद झाला होता. चांगला हुशार पोरगा होता, रडत गेला.

टोपी आमच्यापुढे आली. मॅडमनी चिठ्ठी काढली. "गोविंदा."

नेमसिंगने डोळे मिटले. काकांनी गळ्यातला ताईत धरला. मी काहीच धरलं नाही, माझ्याकडे धरायला काही नव्हतं.

गोविंदा पेटीपाशी गेला. लगेच हात लावला नाही, उभा राहिला. मॅडमनी घड्याळात पाहिलं. मग त्याने स्विच बंद केला. स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि खिशावर थाप मारली. काम चालू असल्याची पाटी अडकवली. सगळं निवांत, जसा विहिरीवर एकटाच आहे. मॅडम एकेक विचारत होत्या आणि तो उत्तर देत होता, ढाणकीच्या हिंदीत. अर्थिंग विचारलं तर त्याने मीठ-कोळशापासून सुरुवात केली. मॅडमनी अडवलं नाही.

मग त्याने मीटर लावलं. शून्य.

मॅडम म्हणाल्या, "ज़ीरो है. अब मैं हाथ लगाऊँ?" आणि खरोखर हात पुढे केला.

गोविंदाने त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये स्वतःचा हात आडवा घातला. म्हणाला, "नहीं मॅडम. अभी नहीं."

"क्यों? ज़ीरो तो है."

"मीटरच मेला असंल तर? पहिले उसको पूछना पडता, तू जिंदा है क्या." त्याने ते मीटर शेजारच्या चालू पेटीला लावून दाखवलं. आकडा आला. परत आमच्या पेटीला लावलं, शून्य. पुन्हा चालू पेटीला, आकडा. "अब लगाओ," म्हणाला.

मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, "ये किसने सिखाया?"

रेघेमागे आम्ही तिघं. भाटीसर आमच्या मागे उभे. हे त्यांनी चित्रात दाखवलं होतं पहिल्याच आठवड्यात, पण आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात उतरलं नव्हतं.

गोविंदा म्हणाला, "किसीने नहीं, मॅडम. काकांनी विचारलं होतं."

मॅडमना ते समजलं की नाही माहीत नाही. कागदावर त्यांनी काय लिहिलं ते मात्र भाटीसरांनी वाचून दाखवलं: टुकडी पास.

मग काय झालं ते विचारू नको. काकांनी गोविंदाला खांद्यावर घेतलं, पन्नाशीच्या माणसाने. त्या मिठाच्या रानात तांड्यातलं लग्नाचं गाणं म्हटलं. नेमसिंग दोन्ही हात आकाशात करून ओरडत होता, "आता नाही दाबत मांडीखाली." आणि गोविंदा खांद्यावरून मलाच विचारत होता, "राजदीप, मले आलं नं? माह्यं मलेच आलं नं?"

तुलाच आलं रे बापा.

सोमवारपासून आम्ही लाईनवर.

तुझा भाऊ,
राजदीप

*

१८ जानेवारी २०२६

ताई,
जयभीम.

तुझं पत्र चौघांनी गोलात बसून वाचलं. नेमसिंग वाचत होता आणि हसून हसून थांबत होता, म्हणून गोविंदाने हिसकावून पुढचं वाचलं. गोविंदाने, मोठ्याने. हे लक्षात घे.

तर तू सतरंज्या उचलल्यास. आणि समितीची सभा वर्गातच ठेवलीस, पोरं गोलात बसलेली असताना. मारोतराव आले, टेबल शोधू लागले, तर टेबल नाही. म्हणाले, "मॅडम, पोरायले लिहाले शिकवा, बोलाले ते घरीच शिकते." तू त्यांना म्हणालीस, "भाऊ, बसून तर पाहा." आणि त्यांना त्यांच्याच नातीच्या, वैष्णवीच्या गोलात बसवलंस. चौथीचा अपूर्णांक चालला होता. ते म्हणाले, "हे आमच्या वेळी नव्हतं. मले नाही येत."

आणि ती चिमुरडी म्हणाली, "मग खडू तुमच्याच हातात, आबा. असा नियम हाय."

इथे काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

वैष्णवीने विचारलेलं तर मी पाठच केलं आहे. "आबा, वावराचे चार सारखे हिस्से केले अन् तीन पेरले, तर किती पेरलं?" "पाऊण." "मग चार हिस्से केले ते कोठं लिहू? अन् तीन पेरले ते?" मारोतरावांनी टोपी मागे सरकवली, खाली वाकले आणि हिरव्या गोलात तीन लिहिले, खाली रेघ, रेघेखाली चार. मग सभा संपली तरी उठेनात. तू लिहितेस, "म्हणाले, दुसरं दे, हे सोपं होतं." आणि सतरंज्या आता त्यांच्या घरच्या लग्नाला जाणार आहेत. माझे गुडघे वाया गेले नाहीत.

आमच्याकडे नवीन टोळी आली आहे, बांसवाड्याकडची. त्यांना आमची हिंदी समजत नाही, आम्हाला त्यांची नाही. भाटीसरांनी पहिला गोल गोविंदाकडे दिला, दुसरा माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मला काही कळेना. मग माझ्या लक्षात आलं की इथे ज्याला येत नाही तो मीच आहे. खडू माझ्याकडेच ठेवला आणि त्यांना म्हणालो, विचारा. आता रोज त्यांच्या बोलीतले शब्द मीच फरशीवर काढतो आहे आणि ते माझ्या चित्रांना हसतात.

मे महिन्यात सुट्टी मिळते. मी मारेगावला येतो. तुझे गोल एव्हाना पुसट झाले असतील. हिरव्या पेंटचा डबा आणि ब्रश आणून ठेव. पण यंदा गोल मी रंगवणार नाही. ब्रश पोरांच्या हातात दे. वाकडे आले तर येऊ दे. मी शेजारी बसतो आणि नुसतं विचारतो. हात मांडीखाली दाबून. नेमसिंगला जमलं तर मलाही जमेल.

तुझा नंबर आज सकाळी ब्लॉकमधून सोडला आहे. फोन मात्र तू लाव, रविवारी, आम्ही पाण्याच्या टाकीपाशी रेंजमध्ये असतो. आणि पेढ्यांचं काही बोलू नकोस, मलाही बोलायचं नाही. आईला परवा परीक्षेचं सगळं सांगितलं. तिने गोविंदाचं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे आता घरात मास्तर दोन झाले. मंग चहा कोणं मांडावा?"

मी म्हणालो, "ज्याला येत नाही त्याने."

तुला चहा येत नाही, हे साऱ्या वस्तीला माहीत आहे.

तुझाच,
राजदीप